नानांच्या स्पीकरची जोडी

वाटणीत आमच्या वाट्याला एक स्पीकर आला. जोडीतला दुसरा काकांकडे गेला.

ही गोष्ट २००३ ची. रामबागेतलं आमचं जुनं घर विकलं, तेव्हा बाबा आणि काका या दोघा भावांनी घरातलं सामान अर्धं-अर्धं केलं. बाहेरच्या कुणाला मध्ये घेतलं नाही, कोर्टकचेरी झाली नाही, कुणाचा आवाजही चढला नाही. इंदूरच्या मराठी घरांत भांडणंसुद्धा पुष्कळदा अशीच होतात, शांतपणे आणि कागदावर लिहून. पितळेचं घंगाळ इकडे, तांब्याचा बंब तिकडे. देव्हारा इकडे, पूजेची चांदीची भांडी तिकडे. रेकॉर्ड प्लेअर बाबांकडे, ॲम्प्लिफायर काकांकडे. रेकॉर्डींचे दोन गठ्ठे केले. आणि यादीच्या शेवटी बाबांच्या अक्षरात ओळ होती: "स्पीकर बॉक्स, नग २. प्रत्येकी १."

एकट्या स्पीकरचा काही उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण "तू दोन्ही घेऊन जा" असं म्हणायला कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं होतं. त्या दिवशी दोघंही फक्त यादी वाचत होते.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं दोघांचं येणं-जाणं लग्नकार्यापुरतं आणि कुणी गेलं तर भेटण्यापुरतं राहिलं. आई गेल्यापासून बाबा टिळक नगरला माझ्याकडे असतात. त्यांच्याबरोबर त्यांचा एकटा स्पीकरही आला. हॉलच्या कोपऱ्यात, वर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी. नवीन माणूस आला की विचारायचा, "हे कपाट आहे का?"

आता तो स्पीकर कुठून आला ते सांगते.

नाना म्हणजे माझे आजोबा. विद्युत मंडळात नोकरीला होते. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये इंदूरला आली आणि पुढे कारकुनी, मास्तरकी, भिक्षुकी करणारी मराठी घरं इथे वसत गेली, त्यांतलंच आमचं एक. घरात पैसा बेताचा, पण गाण्याचं वेड भरपूर. इंदूर म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव, पस्तीसेक किलोमीटरवर देवासला कुमारजी राहायचे, आणि १९५५ पासून मालवा हाऊसमधलं आकाशवाणी केंद्र. नाना म्हणायचे, या गावात बेसूर राहायला फार कष्ट घ्यावे लागतील.

१९७६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून थोडे पैसे काढून एक स्टीरिओ ॲम्प्लिफायर घेतला. स्पीकर घ्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून ते घरीच बनवले. आत बसवायचे ८ इंची दोन वूफर आणि दोन छोटे ट्विटर सुटे आणले. पेट्या छावणीतल्या एका सुताराकडून करून घेतल्या. पाऊण इंची प्लाय, वरून सागवानी पापुद्रा, त्यावर चपड्याचं पॉलिश. २२ इंच उंच, १३ इंच रुंद, ११ इंच खोल. एकेक पेटी चौदा किलोची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पेटीवर बसलं की नाना ओरडायचे.

स्पीकरची पेटी म्हणजे नुसतं खोकं असतं असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून थोडं समजावते. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तेव्हा ही सवय तुम्ही सहन करा. स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलतो. पुढे आला की समोरची हवा ढकलतो, त्याच क्षणी मागची हवा ओढतो. म्हणजे पुढून निघणारा आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या उलटे असतात. दोन्ही एकत्र मिसळले तर खालचे सूर, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज, तबल्याचा डग्गा, एकमेकांना मारून टाकतात. म्हणून मागचा आवाज पेटीत कोंडायचा. पेटी जर पक्की हवाबंद असेल तर आतली हवाच स्प्रिंगचं काम करते आणि छोट्या पेटीतूनही खर्ज चांगला येतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या तत्त्वावर पहिले स्पीकर बाजारात आणले. नानांनी ते कुठल्याशा मासिकात वाचलं आणि आमच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला गादीचा कापूस आत भरून रामबागेत तसेच स्पीकर तयार केले.

आणखी एक. त्यांनी ट्विटर मधोमध न बसवता एका बाजूला सरकवून बसवले. एका पेटीत उजवीकडे, दुसऱ्या पेटीत डावीकडे. म्हणजे एक पेटी दुसरीची आरशातली प्रतिमा. त्यामुळे कुठला डावा आणि कुठला उजवा हे कायमचं ठरलेलं. वाटणीत उजवा बाबांकडे आला, डावा काकांकडे गेला.

दर गुरुवारी रात्री जेवणं उरकली की शेजारपाजारचे लोक यायचे. सतरंजी अंथरायची. कधी कुमारजी, कधी भीमसेनजी, कधी नाट्यसंगीत. पण शेवटी बहुतेक वेळा अमीर खाँसाहेबांची ती एकच रेकॉर्ड, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ती रेकॉर्ड मोनो काळातली. दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येतो. आणि तसं झालं की एक गंमत होते. आवाज उजवीकडून येत नाही, डावीकडूनही येत नाही. दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीतून येतो. तिथे नानांनी मुद्दाम काही ठेवू दिलं नव्हतं. "तिथे खाँसाहेब बसतात," म्हणायचे.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र नानांनी रेकॉर्डी लावणं जवळजवळ सोडलं. म्हणायचे, "आवाज मध्ये उभा राहत नाही. पसरतो. खर्जही गेला." मी तेव्हा लग्न होऊन उज्जैनला होते. सुट्टीत आले की कानावर यायचं. घरात सगळ्यांनी धरून टाकलं की नानांचे कान उतरले. वय सत्त्याहत्तर. त्यात नवल ते काय? १९९९ मध्ये नाना गेले.

आता अलीकडचं. बाबा ८४ वर्षांचे झाले. दीड वर्षापूर्वी त्यांना कानाचं यंत्र लागलं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. माणसाला बोललेलं ऐकू येतं पण शब्द नीट लागत नाहीत, कारण 'स', 'श', 'फ' ही अक्षरं तिथेच, वरच्या पट्टीत असतात. बाबा गप्प राहू लागले. टीव्हीसमोर बसायचे पण बघायचे नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत मी स्पीकरवरची फुलदाणी उचलली आणि समोरचं जाळीचं कापड काढून आत बघितलं. वूफरच्या कडेला फोमची जी गोल वळी असते, तिच्यावर बोट टेकवलं तर ती काळ्या भुकटीसारखी खाली पडली. हे होतंच. त्या फोममध्ये हवेतला दमटपणा शिरून तो आतून कुजत जातो. स्पीकर वापरा की नुसता ठेवा, फरक पडत नाही.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "होईल का गं हा नीट?"

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी काहीतरी स्वतःहून विचारलं होतं. मी म्हटलं, होईल.

जेल रोडला पार्ट विकणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. मी वूफर काढून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो हातात फिरवला आणि माझ्या पिशवीत डोकावले. "एक ही लाई हो? दीदी, जोड़ी का काम जोड़ी में होता है. एक नया, एक पुराना, दोनों लड़ेंगे."

बरोबरच होतं त्यांचं. एका स्पीकरला नवी वळी लावली आणि दुसरा तसाच ठेवला तर दोघांची चाल जुळत नाही. आणि दुसरा होता सुदामा नगरला, काकांकडे.

मी एकटीच गेले. काकूंनी दार उघडलं, आधी पोहे खायला लावले. काकांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादाने पाठवलं का तुला?"

"नाही. मीच आले."

थोडा वेळ ते चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "घेऊन जा. पण माझा डावा माझ्याकडे परत यायला पाहिजे. यादीत आहे तो."

त्यांचा स्पीकर आतल्या खोलीत होता, वर टेबलफॅन ठेवलेला. कापड काढलं तर वळीची तीच भुकटी. दोन घरांत दोन तऱ्हांनी ठेवलेले, तरी दोघांची अवस्था अगदी एक. निघताना काकांनी ॲम्प्लिफायरही गाडीत ठेवायला सांगितला, आणि नानांची एक जाड वहीही दिली. "सर्किटं आहेत त्यात. तुला कळेल. आम्ही कधी उघडली नाही."

पुढचे तीन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही.

पहिल्या रविवारी सगळं उघडलं. कापूस बाहेर काढून गच्चीवर उन्हात टाकला, हाताने मोकळा केला, आणि तराजूवर तोलून दोन सारखे वाटे केले, कारण कापूस कमी-जास्त झाला की पेटीचा आवाज बदलतो. मल्टीमीटर लावून दोन्ही वूफरची कॉइल तपासली. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, सहा-साडेसहा दाखवतो. दोन्ही ठीक होते. हे कळलं तेव्हा जिवात जीव आला, कारण कॉइल जळलेली असती तर कामच वेगळं झालं असतं.

ट्विटरकडे जाणाऱ्या तारेत एक कंडेन्सर असतो. त्याचं काम दारावरच्या माणसासारखं: वरचे सूर आत सोडायचे, खालचे अडवायचे. नानांनी वहीत ४ मायक्रोफॅरड लिहिलं होतं. म्हणजे साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं ट्विटरकडे जाणार. पन्नास वर्षांत आतला द्राव वाळतो. एक कंडेन्सर मीटरवर ५.१ निघाला, दुसरा २.६. म्हणजे एका बाजूचा ट्विटर जास्त बोलत होता आणि दुसरा तोंड मिटून होता. दोन्हीकडे नवे प्लास्टिक फिल्मचे लावले. ४ चा बाजारात मिळेना, म्हणून ३.९ चा एक आणि ०.१ चा एक असे शेजारी-शेजारी जोडले.

दुसरा रविवार वळीचा. हे काम घाईचं नाही. जुना गोंद स्पिरिटने भिजवून लाकडी काडीने खरवडायचा, कागदी कोन फाटू द्यायचा नाही. मग वूफरच्या मधली टोपी ब्लेडने हळूच कापून काढायची. आत कॉइल आणि मॅग्नेट यांच्यामध्ये एक बारीक फट असते, जाड कागद जेमतेम शिरेल एवढी. त्या फटीत चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या खोचल्या की कॉइल बरोबर मध्यावर थांबते. मी जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून वापरल्या. बाबांच्याच गुडघ्याचा एक्स-रे होता. तो दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "बघ, काहीतरी उपयोगाला आला." नवी वळी चिकटवायची, चोवीस तास हात लावायचा नाही, मग पट्ट्या काढून बोटांनी कोन हळूच आतबाहेर करायचा आणि कान लावून ऐकायचं. खर्रर्र आवाज आला तर कॉइल घासतेय. नाही आला. टोपी पुन्हा चिकटवली.

तिसऱ्या रविवारी पेट्या बंद करायच्या होत्या. बंद करण्यापूर्वी एक तपासणी करतात. दीड व्होल्टचा साधा सेल घ्यायचा. पेटीमागच्या लाल खुणेच्या टोकाला सेलचं अधिक, काळ्याला उणे, क्षणभरच टेकवायचं. कोन बाहेर आला पाहिजे. उजव्या पेटीला सेल टेकवला. कोन टुक्कन बाहेर आला.

डाव्या पेटीला टेकवला. कोन आत गेला.

पुन्हा करून बघितलं. पुन्हा आत.

पेटी आडवी करून टॉर्च मारला. नानांचं झाळकाम मला ओळखू येतं. तार आधी आकडा करून कडीत अडकवलेली, वर कथलाचा चकचकीत थेंब, आणि अधिकच्या तारेला लाल दोरा गुंडाळलेला. उजव्या पेटीत सगळं तसंच होतं. डाव्या पेटीत मागची टर्मिनलची पट्टीच वेगळी होती, नंतर कुणीतरी बदललेली. त्यावर काळी टेप. आणि लाल दोऱ्याची तार उण्याच्या टोकाला झाळलेली. उलटी.

एकट्या स्पीकरची तार उलटी असली तर कानाला काही कळत नाही. काकांकडे तो शंभर वर्षं एकटा वाजला असता तरी कळलं नसतं. पण जोडीत एक उलटा असला की एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मघाशी पेटीच्या पुढच्या-मागच्या आवाजाचं सांगितलं, तेच इथे दोन पेट्यांमध्ये होतं. खर्ज मरतो. आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये उभा राहत नाही. पसरतो.

हे शब्द मी आधी ऐकले होते.

मी वही घेतली. सर्किटं, हिशेब, बल्बांच्या किमती. मागच्या पानांवर तारखा घालून नोंदी होत्या, अक्षर हललेलं.

"जून ९७. डावा बॉक्स दुरुस्तीस दिला होता. आज आला." त्याच महिन्यात पुढे: "आवाज मध्ये येत नाही. खर्ज कमी." मग ऑगस्ट: "मुले म्हणतात कान तपासा. तपासले. वयाप्रमाणे आहेत." आणि शेवटची, डिसेंबर महिन्यातली: "डाव्याच्या तारा एकदा बघून घ्याव्यात. कुणाला वेळ झाला की."

त्या वर्षी नानांचे हात कापायला लागले होते आणि मोतीबिंदूही होता. नाहीतर आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची उपकरणं दुरुस्त केली, तो माणूस आपलाच स्पीकर बाहेर कशाला देईल? दुरुस्त करणाऱ्याने टर्मिनल बदलताना तारा उलटसुलट लावल्या. ते कोण होते मला माहीत नाही, आणि त्यांना बोल लावावासाही वाटत नाही. अशी चूक दोन मिनिटांत सुधारता येते. आत हात घालायचीही गरज नव्हती. मागच्या दोन तारांची अदलाबदल केली असती तरी झालं असतं. फक्त कुणीतरी पेटी भिंतीपासून पुढे ओढून मागे वाकायला हवं होतं.

बाबांना वही दाखवावी की नाही, याचा मी एक रात्र विचार केला. मग दाखवली. भिंगातून त्यांनी चारही नोंदी वाचल्या. शेवटची दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "त्याला फोन लाव."

"कुणाला?"

"धाकट्याला."

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर टाकला. बाबांनी विचारपूस वगैरे काही केली नाही. वहीतल्या ओळी सरळ वाचून दाखवल्या. पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "दादा, कान तपासा असं मी म्हणालो होतो."

"मी पण म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी काका आणि काकू आले. काका या घरात पहिल्यांदाच येत होते. येताना त्यांच्या वाट्याचा रेकॉर्डींचा गठ्ठा घेऊन आले. मी रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई आणून ठेवली होती. ॲम्प्लिफायरची बटणं फिरवली की खरखर व्हायची, ती साफ केली होती.

लावण्यापूर्वी एक छोटासा वादही झाला. काकांचं म्हणणं, दादाला वरचे सूर ऐकू येत नाहीत, तर कंडेन्सर मोठा घाल, ट्विटर जास्त बोलू दे. मी म्हटलं, तसं करता येतं. बाबा म्हणाले, "नको. माझ्या कानासाठी ॲम्प्लिफायरला ट्रेबलचं बटण आहे. ते फिरव. पेटी नानांनी केली तशीच राहू दे." आता तसंच चालतं. बाबा एकटे ऐकतात तेव्हा बटण उजवीकडे. काका आले की बाबा उठून ते स्वतः मध्यावर आणतात.

उजवा उजवीकडे, डावा डावीकडे, मधली भिंत रिकामी. मारवा लावला. अमीर खाँसाहेबांचा तो मंद्रातला आवाज, घाई म्हणून नाहीच. आणि तो मधल्या भिंतीतून आला. मी शिकवते ते मला पाठ आहे, तरी अंगावर काटा आला. बाबांनी यंत्र काढून हातात घेतलं होतं. खालचे सूर त्यांना तसेही ऐकू येतात. काका भिंतीकडे बघत होते. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "हे तर मध्येच बसलेत."

वाटणीचं म्हणाल तर ती मोडली नाही. डावा स्पीकर आजही काकांचा आहे. ते स्वतः तसं सांगतात. "माझा डावा तुमच्याकडे ठेवलाय," म्हणतात, आणि दर गुरुवारी त्याची चौकशी करायला सुदामा नगरहून येतात. दोघे भाऊ अजूनही फारसं बोलत नाहीत. रामबागेच्या घराचा विषय निघाला तर खोलीतली हवा बदलते. वीस वर्षांचं काही एका रेकॉर्डने धुऊन जात नाही. पण चहा एकत्र घेतात, आणि पुढची रेकॉर्ड कुठली यावर वाद घालतात.

नानांच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली जागा होती. तिथे मी काय-काय बदललं ते तारीख घालून लिहिलं, पुढे कुणी पेटी उघडलीच तर उपयोगी पडावं म्हणून. त्याखाली बाबांनी लिहिलं, "तारा बघितल्या. उलट्या होत्या. नानांचे बरोबर होते." काकांनी वही ओढून घेतली आणि खाली सही केली. मग बाबांनीही केली.

आता थोडं उपयोगाचं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, इंदूर असो, ग्वाल्हेर, बडोदा की बेळगाव, माळ्यावर अशा पेट्या पडलेल्या असतील. भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा. कडेच्या फोमची भुकटी झाली म्हणजे स्पीकर मेला असं नाही. वळ्या मापाप्रमाणे मिळतात. कोन बाहेरून कुठून कुठपर्यंत आहे ते मोजून मागवा. मीटरने कॉइल बघा, काटा हलला तर आशा आहे. कंडेन्सर दोन्हीकडचे एकदम बदला, एकाच बाजूचा नको. पेटी बंद प्रकारची असेल तर वूफर हळूच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी फट आहे. आणि सेलची तपासणी चुकवू नका. माझा सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला, वेळ तीन रविवार.

आणखी एक सांगते, ते मीटरने मोजता येत नाही. घरातलं म्हातारं माणूस जेव्हा म्हणतं की आवाज बरोबर येत नाही, भाजीला पूर्वीसारखी चव नाही, दार घट्ट झालंय, तेव्हा त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा ती वस्तू बघा. कधी-कधी खरंच वय असतं. कधी तार उलटी असते. बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि तुमच्या घरीही वाटणीत फुटलेली एखादी जोडी असेल. स्पीकर नसतील, समया असतील, पाट असतील, तंबोरे असतील. दुसरा नग कुणाकडे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. मागायला नका जाऊ. नुसतं विचारून या, कसा आहे म्हणून.